मोडीचा भाव

'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग आपण हल्ली एसटीच्या जुन्या गाड्यांपासून जुन्या चालीरीतींपर्यंत कशालाही लावतो. पण मोड म्हणजे मुळात जुनी, फुटकी-तुटकी, धातूची भांडी. ती कासाराकडे न्यायची, तो तराजूत टाकणार, किलोचा भाव सांगणार आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करणार. भांडं कुणाचं होतं, त्यातलं पाणी अंगावर घेऊन किती दिवाळ्या साजऱ्या झाल्या, ते लग्नात आलं की बारशाला, याच्याशी तराजूला काही देणंघेणं नसतं. वजन झालं की विषय संपला.

मला जो नाद आहे तो विषय संपल्यानंतरचा. मोडीत निघालेल्या वस्तूंच्या ढिगात हात घालायचा आणि काही मिळतंय का ते बघायचं. आमच्या घरात या नादाला तीन नावं आहेत. नवरा त्याला 'भंगार' म्हणतो. मुलगी मैत्रिणींसमोर 'व्हिंटेज' म्हणते. आणि सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, "लोकांच्या घरची अवदसा पैसे देऊन आणते ही." तिघांचंही थोडं थोडं खरं आहे :-)

मी राहते कल्याणला, पण माझं माहेर भिवंडीचं, कासार आळीच्या मागचं. त्यामुळे हा नाद पुरवायला मी जाते तीही भिवंडीलाच. लोकांना याचं फार आश्चर्य वाटतं. जुन्या वस्तू म्हटलं की मुंबईचा चोरबाजार, तिथली मटन स्ट्रीट आणि शुक्रवारी पहाटे रस्त्यावर मांडलेला माल. नाहीतर फर्निचरसाठी ओशिवरा, किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. भिवंडीत कसला आलाय अँटिक माल? भिवंडी म्हणजे खड्डे, ट्रक आणि लूम.

पण जरा विचार करा. माणकोली, काल्हेर, राहनाळ, वळ या बाजूला गेलात तर गोदामांच्या शेडमागून शेड लागतात. टीव्ही, फ्रीज, बूट, मोबाइल, पुस्तकं, असंख्य नव्या वस्तू तिथे थांबून मग लोकांच्या घरी पोचतात. तुमच्या दारात आलेल्या कितीतरी खोक्यांनी आधी भिवंडीत मुक्काम केलेला असतो. आणि त्याच गावात दुसऱ्या टोकाला भंगाराची दुकानं आहेत, जिथे वस्तू आयुष्याच्या शेवटी येतात. वस्तूच्या जन्मानंतरचा आणि मरणाआधीचा असे दोन्ही मुक्काम एकाच गावात. मला तरी अशी दुसरी जागा माहीत नाही.

आणि मुख्य म्हणजे हे गाव उभंच राहिलं ते जुन्या मालावर. उत्तरेतून आलेले अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली (त्यांचं पद्मानगर अजून आहे), हे आधी हातमागवाले. पुढे यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी जुने झाले म्हणून काढून टाकलेले माग भिवंडीतल्या लोकांनी विकत घेतले, दुरुस्त केले आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसवून त्यांच्यावर आणखी कित्येक वर्षं कापड काढलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कापडाचं बरंचसं काम भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांत सरकलं. म्हणजे मुंबईने मोडीत काढलेल्या यंत्रांवर भिवंडी जगली. माझ्या लहानपणी आमच्या घरी रात्री लूमची खटखट ऐकूनच झोप लागायची. वीज गेली आणि खटखट थांबली की आम्ही जागे व्हायचो.

आता ते लूमही भंगारात जातात. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, सुताचे वरखाली होणारे भाव, विजेचं बिल, आणि बिनधोट्याचे नवे वेगवान माग. कारणं ज्याला विचाराल तो वेगळ्या क्रमाने सांगेल. लूम किलोवर विकला जातो. बिडाच्या त्या जड बाजू हातोड्याने फोडतात, कारण अख्ख्या उचलणं परवडत नाही. एकदा अशाच एका फुटलेल्या बाजूवर मला उठावाची इंग्रजी अक्षरं दिसली. घासून पाहिलं तर गावाचं नाव होतं, ब्लॅकबर्न. हे इंग्लंडमधल्या लँकेशायरचं, सुतागिरण्यांचं गाव. तिथे ओतलेलं लोखंड आधी मुंबईच्या गिरणीत आणि मग भिवंडीत राबलं असणार. आता ते फोडून कुठल्यातरी भट्टीत जाऊन सळया होणार होतं. तो तुकडा मी घेतला नाही. उचलताच येईना.

माझं नेहमीचं दुकान वंजारपट्टी नाक्याच्या पलीकडे आहे. दुकान म्हणजे ताडपत्रीखालचे ढीग. लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, पितळ-तांबं आतल्या बाजूला कुलपात. मालकांना मी चाचा म्हणते, ते मला बाजी म्हणतात. ते स्वतः पंचवीस वर्षं लूमवर होते. कारखान्याचे लूम विकले गेले तेव्हा ते विकणाऱ्यांच्या बाजूने वजनाला उभे राहिले आणि मग याच धंद्यात शिरले. त्यांना मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की मी व्यापारी नाही, घरी ठेवायला घेते. त्यावर ते म्हणाले, "घर में रखने का माल तो लोग यहाँ डालते हैं, बाजी. आप उल्टा चल रही हो."

नव्याने या नादाला लागणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं सांगते. वस्तू किती जुनी हे विकणारा सांगतो त्यावर जाऊ नये. त्याच्या मते सगळंच शंभर वर्षांचं असतं. वस्तूवर काय लिहिलंय ते वाचावं. डब्यावर किंमत आण्यांत असेल तर माल बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा, नंतर 'नये' हा शब्द गेला. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पत्ता 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. चिनी मातीच्या बशीमागे 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर ती १९१८ नंतरची आणि १९९२ संपायच्या आतली, कारण तो देशच तेवढा काळ होता. शेर-अच्छेराची वजनं, पायली-चिपट्याची मापं दशमान पद्धत येण्याआधीची. ती पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. हे सगळं पाठ करायला एक दुपार पुरते आणि पुढे जन्मभर पैसे वाचतात.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं. पितळ-तांब्याला ते चिकटत नाही, पितळेचं पाणी दिलेल्या लोखंडाला चिकटतं. काशाची वाटी बोटांवर तोलून टिचकी मारली की नाद बराच वेळ रेंगाळतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, तेव्हा चांदीचा भाव कुणी सांगितला तर हसून पुढे जावं. देवादिकांची जुनी चित्रं 'रविवर्मा प्रेसची' म्हणून विकतात. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हे खरं. पण त्या चित्रांच्या नकला नंतर अमाप निघाल्या. भिंग घेऊन बघायचं. जुन्या शिळाछापात ठिपके आडवेतिडवे, खडबडीत दिसतात. अलीकडच्या छपाईत ते एका साच्यातले, ओळीने बसलेले असतात. आणि चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला तर सावध व्हावं. इकडचं यंत्र, तिकडचा कर्णा आणि कालचं खोकं असं जुळवलेले ग्रामोफोन पुष्कळ असतात.

एक साधी खूण सगळ्यांत उपयोगी. खरी जुनी वस्तू सगळीकडून सारखी जुनी नसते. कळशी कमरेवर घेतात तिथे गुळगुळीत होते, गळ्याखाली हात पोचत नाही तिथे काळी राहते. पानाच्या डब्याची कडी झिजते पण बिजागरीच्या आत चमक शिल्लक असते. मुद्दाम रसायन लावून 'जुनी' केलेली वस्तू मात्र सगळीकडून एकसारखी मळकट दिसते. वापराचा एक नकाशा असतो, तो वाचता आला पाहिजे.

काय घ्यायचं नाही हेही सांगते. कुणी जुनी दगडी किंवा धातूची मूर्ती दाखवायला लागला तर मी उठते. पुरावशेषांविषयीचा १९७२ चा कायदा आहे (तो लागू झाला १९७६ मध्ये), शंभर वर्षांवरच्या वस्तूंना तो लागतो. अशा मूर्तींची नोंदणी करावी लागते, व्यापाराला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पण कायदा नसता तरी मी घेतली नसती. देऊळ जिचं आहे ती वस्तू दिवाणखान्यात शोभत नाही.

आणि भिवंडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते. या गावाने १९७० ची दंगल पाहिली आणि १९८४ ची पाहिली. घरं जळली, लूम जळले, माणसं मेली, काही लोक रातोरात निघून गेले ते परत आले नाहीत. त्या दिवसांत घरांतून बाहेर पडलेल्या वस्तू हौसेने विकलेल्या नव्हत्या. पन्नास वर्षांनी एखादं नक्षीचं तबक हातात येतं तेव्हा ते कोणत्या दारातून बाहेर आलं हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मी कुठल्याही वस्तूला 'लॉटरी लागली' असं म्हणत नाही. आपली लॉटरी म्हणजे कुणाची तरी पडती बाजू असते, एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

हे मला शिकवलं ते खरवडलेल्या नावांनी. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. टोच्याने ठिपके ठिपके पाडून नाव, गाव, तारीख, कुणाकडून कुणाला. जुन्या मालात अशी भांडी खूप येतात आणि त्यातल्या कित्येकांवर नावाच्या जागी कानशीने घासलेला एक पट्टा असतो. बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, चोरीचा माल. चाचांना मी विचारलं तर ते म्हणाले, चोर इतकी मेहनत कशाला घेईल? तो ठेचून चपटं करून आणतो. नाव घासतात ते घरचेच. अडचणीत भांडं विकायची वेळ आली की आपलं नाव भंगाराच्या ढिगात कुणी वाचू नये म्हणून. "इज्जत का मामला है."

तेव्हापासून मी दोन नियम केले. दुकानदाराशी घासाघीस करायची, तो धंदा आहे आणि त्यात दोघांनाही मजा येते. पण माणूस घरातलं भांडं स्वतः हातात घेऊन आलेला असेल तर भाव करायचा नाही. एकदा माझ्यासमोर एक बाई कळशी घेऊन आल्या, माझ्याच वयाच्या. चाचांनी मोडीचा भाव सांगितला. मी म्हटलं, मला ही वापरायला हवीय, नव्या कळशीचे पैसे देते. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वापरणार ना? मग चिंचेने घासा. पावडरीने नको." पैसे मोजून घेतले आणि गेल्या. ती कळशी आमच्याकडे रोज वापरात आहे आणि मी ती चिंचेनेच घासते.

वस्तू आणि वजन यांच्यातला फरक मला सगळ्यांत स्वच्छ कळला तो धोट्यामुळे. धोटा तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. लाकडी, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच. ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे फटाफट धावतो तो. भंगारात धोट्याला जवळजवळ भाव नाही. टोकांचं पोलाद काढून घेतात आणि लाकूड चुलीत जातं. मुंबईत मात्र तोच धोटा तेल-पॉलिश लावून, मेणबत्ती खोचून, 'व्हिंटेज' म्हणून कित्येक पटींनी विकला जातो. मला पहिला धोटा दहा रुपयांना मिळाला आणि मी मनातून खूष होते.

चाचांनी तो माझ्या हातून घेतला, उलटसुलट केला, आणि म्हणाले, "इसका लूम टेढ़ा था." टोक एका बाजूनेच झिजलं होतं. म्हणजे पेटीत धोटा सरळ बसत नव्हता. म्हणजे धागे तुटत असणार, कापडात खोट येत असणार, आणि खोट आली की पगारातून पैसे कापले जाणार. "जिसने चलाया, उसका बहुत पैसा कटा होगा." मग त्यांनी अंगठ्याने खाचेची कड दाखवली. कांडी बदलताना अंगठा टेकतो ती जागा थोडी खोलगट झाली होती. एक माणूस चार-चार, सहा-सहा लूम सांभाळायचा, कांडी संपली की लूम थांबवायचा, कांडी बदलायचा, परत चालू करायचा, दिवसातून शेकडो वेळा. लाकडाला खड्डा पडला, मग अंगठ्याचं काय झालं असेल?

दोन मिनिटांत माझ्या दहा रुपयांच्या धोट्याचा एक मालक तयार झाला. त्याचं नाव मला माहीत नाही, पण त्याचा लूम वाकडा होता, त्याचे पैसे कापले जायचे आणि त्याचा अंगठा इथे टेकायचा. त्या धोट्यात मेणबत्ती खोचायची मला काही इच्छा झाली नाही.

विचार करता करता मला असं वाटायला लागलंय की प्रत्येक जुन्या वस्तूला तीन भाव असतात. एक मोडीचा, तो तराजू सांगतो. दुसरा हौसेचा, तो गिऱ्हाईकाच्या खिशावर आणि फॅशनवर ठरतो. आणि तिसरा सांगितल्याचा. कुणीतरी तिच्याबद्दल काही सांगू शकतं म्हणून तिला आलेला. हा तिसरा भाव गेला की उरतात पहिले दोन. ज्या वस्तूबद्दल घरात कुणालाच काही सांगता येत नाही, ती फक्त वजनाची होते.

हे फार पूर्वी ओळखलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने त्यांनी वस्तू जमवल्या. आयुष्यभर जमवल्या. त्यात राजेरजवाड्यांचं कमी आणि तुमच्या-आमच्या घरातलं जास्त. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. लोक ज्यांना मोड म्हणत होते त्या वीस हजारांवर वस्तूंचं आज पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह सरकारला देऊन टाकला. गेलात तर वज्र्यांच्या कपाटापुढे जरा थांबा. टाचा घासायची वस्तू, पण कुणीतरी तिच्यावर मोर बसवायचा कष्ट घेतला आणि दुसऱ्या कुणीतरी ती फेकू न देता उचलली.

आता एवढं सगळं आजच का लिहितेय, ते सांगते. विशेषतः आमच्या गोतावळ्यातले जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी.

भिवंडीचं आपलं घर या वर्षी पाडणार, हे तुम्हाला माहीत आहे. बिल्डरला चावी द्यायच्या आधी माळा रिकामा करायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर धाकट्या काकांनी लिहिलं, "भंगारवाल्याला बोलावून सगळं एकदम वजनावर देऊन टाकू, पैसे सारखे वाटू." त्याखाली नऊ अंगठे उमटले. काकांची चूक नाही. ते सत्तरीचे आहेत, त्यांना माळ्यावर चढता येत नाही, आणि आम्ही भावंडं ठाणे, पुणे, न्यू जर्सी अशी पांगलेली. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे.

मी चौथीत होते तेव्हा आपल्याकडे स्टील आलं. त्या वेळी तांब्याचा बंब आणि पितळेचं मोठं घंगाळं मोडीत गेलं. त्या घंगाळ्याच्या काठावर नाव होतं. ते आजीला तिच्या वडिलांनी लग्न ठरल्यावर करून दिलेलं, त्यामुळे त्याच्यावर तिचं माहेरचं नाव घातलेलं होतं. लग्नात नाव बदललं. रेशनकार्डावर बदललेलं नाव, मतदार यादीत तेच, दारावरच्या पाटीवर तर नव्हतंच. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण घंगाळं घासताना ती काठावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची आणि मला सांगायची, "हे माझं." मी तेव्हा जोडाक्षरं अडखळत वाचायचे. मी ते नाव नक्की वाचलं असणार. पण आज ते मला आठवत नाही.

गेल्या वर्षभरात मी सगळ्यांना विचारलं. बाबांना माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ती आई होती. पुण्याच्या आत्याला वाटतं 'य'पासून होतं. धाकट्या काकांनी कधी विचारलंच नाही. तिच्या माहेरचं आता कुणी राहिलेलं नाही. म्हणजे ज्या बाईने आम्हा अकरा नातवंडांना न्हाऊमाखू घातलं, तिचं वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचं नाव एका घंगाळ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते वितळून केव्हाच दुसरं काहीतरी झालं. इतकी वर्षं मी लोकांची घंगाळी उलटीसुलटी करून बघते ती का, हे आता माझ्या नवऱ्यालाही कळलंय. तो हल्ली भंगार म्हणत नाही.

ते घंगाळं मिळणार नाही. मोडीचं भांडं भट्टीतच जातं, चाचांनी मला ते पहिल्याच वर्षी समजावून सांगितलंय. पण लग्नात कुणी मुलीला एकच भांडं देत नाही. माळ्यावर मागच्या भिंतीला लागून जो पेटारा आहे त्यात तपेली, पराती, एक पंचपात्री आणि बरंच काही कोंबलेलं आहे. लहानपणी लपाछपीत मी त्यामागे लपायचे, झाकण उघडायची परवानगी नव्हती. त्यातलं एखादं आजीच्या माहेरचं असू शकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सगळं ठेवूया असं मी म्हणत नाही. फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि घराचं संग्रहालय करायला आपण केळकर नाही. गळकी कळशी, बूड गेलेली पातेली खुशाल मोडीत द्या, चाचा चोख वजन करतात. पण तराजूवर ठेवायच्या आधी प्रत्येक भांडं उलटं करून वाचूया. राख-लिंबाने काठ पुसायचा, उजेडात तिरपं धरायचं, ठिपके दिसतात. नाव वहीत उतरवायचं, फोटो काढायचा. कुणाला काही आठवत असेल तर त्यासमोर लिहायचं, हे कुणाचं, कुठून आलं, त्यात काय करायचे. मग ज्याला जे हवं ते त्याने न्यावं आणि उरलेलं वजनावर.

पुढच्या महिन्यातला पहिला रविवार मी धरलाय. सकाळी नऊला मी घरी पोचते, शिडी आणि विजेरी माझ्याकडे आहे. न्यू जर्सीवाल्यांना व्हिडिओवर दाखवेन. आत्याला मी कल्याणहून सोबत आणतेय, कारण 'य' तिला आठवतोय. बाकी कुणी येणार असाल तर कळवा, जेवणाचा अंदाज घ्यायचा आहे. आणि येताना जुने कपडे घालून या, त्या माळ्यावर चाळीस वर्षांची धूळ आहे.